जूनची यादी

मे महिना उतरणीला लागला की घरात एक कागद येतो. पूर्वी तो निकालपत्रकाला टाचून मिळत असे. आता तो मोबाइलवर येतो आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत काढावी लागते. वर शाळेचे नाव आणि इयत्ता, खाली तीन रकाने : अनुक्रमांक, तपशील, नग. दोनशे पानी एकेरी वह्या, चौकटीच्या वह्या, चाररेघी वही, चित्रकलेची वही, नकाशावही, प्रयोगवही, कंपासपेटी, रंगपेटी, बोथट टोकाची कात्री, डिंक, खाकी कव्हर, लेबले. किंमतीचा रकाना मात्र या यादीत नसतो. मला या कागदातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. ज्याने यादी केली त्याला वस्तू माहीत आहेत, नग माहीत आहेत, वहीच्या पानांची संख्याही माहीत आहे. बेरीज तेवढी त्याच्यापुढे नाही. ती घरी होते.

आणि ती होते जूनमध्ये. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात हेच दिवस बियाण्यांचे, खतांचे आणि पेरणीच्या मजुरीचे. मागच्या हंगामाचा पैसा लग्नसराईत आणि जुन्या देण्यात गेलेला असतो, पुढच्या हंगामाचा यायला सोयाबीन-कापूस घरात यावे लागतात. शहरात हातावर पोट असलेल्या घराला याच सुमारास छपरावर ताडपत्री टाकायची असते, आणि बांधकामावरची मजुरी पावसाच्या लहरीवर गेलेली असते. म्हणून यादीची रक्कम किती, याइतकाच ती कधी मागितली जाते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हीच रक्कम दहा महिन्यांत विभागून गेली तर बरीच घरे ती सोसतील. दहा दिवसांत एकरकमी उभी करायची म्हटल्यावर भिशीचा नंबर जूनमध्ये लागावा म्हणून विनवण्या होतात, बचत गटातून कर्ज निघते, धुण्याभांड्याची बाई दोन घरी आगाऊ पगार मागते आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते. या कर्जाला शैक्षणिक कर्ज म्हणत नाहीत.

'मोफत शिक्षण' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. राज्यात बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाली. 'ईबीसी'चा फॉर्म भरून शिकलेली एक अख्खी पिढी आज सत्तरीच्या घरात आहे. १९८० च्या दशकात मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत झाले. या सगळ्या टप्प्यांवर मोफत म्हणजे 'फी नाही' एवढाच अर्थ होता. पाटी, पेन्सिल, दौत, टाक, सदरा आणि चड्डी हा घरचा मामला मानला गेला. त्या काळी तसे मानण्यात फारसे चुकतही नव्हते. पाटी वर्षानुवर्षे चाले, आणि फुटली तरी लाकडी चौकटीबाहेर आलेला मोठा तुकडा धाकट्याला पुरत असे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाने या अर्थाची हद्द वाढवली. ज्या आकारामुळे वा खर्चामुळे मुलाचे प्राथमिक शिक्षण अडेल, असा कोणताही आकार किंवा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. फीच्या पुढे जाऊन 'खर्च' हा शब्द कायद्यात आला. केंद्राच्या २०१० च्या नियमांनी तो आणखी स्पष्ट केला : सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना, आणि विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांनाही पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत. नियम शब्दशः पाळला तर या मुलांच्या घरी यादी यायलाच नको. प्रत्यक्षात पुस्तके पोचतात, गणवेश कमीअधिक पोचतो आणि 'लेखनसाहित्य' हा शब्द बहुतेक ठिकाणी नियमातच राहतो. राखीव जागेवरच्या मुलाला तर अनेकदा इतरांना दिलेलीच यादी दिली जाते, कारण वर्गात तो वेगळा दिसू नये, असे सांगतात.

सांख्यिकी मंत्रालयाने एप्रिल ते जून २०२५ या काळात देशभर शिक्षणावरील खर्चाची पाहणी केली. सरकारी शाळेतल्या एका विद्यार्थ्यामागे घराने वर्षाला सरासरी २,८६३ रुपये खर्च केले, बिगरसरकारी शाळेत २५,००२ रुपये. ही तफावत वर्तमानपत्रांतून गाजली. मला त्याच पाहणीतले दुसरे दोन आकडे अधिक विचार करायला लावतात. सरकारी शाळांत फी भरणारे विद्यार्थी केवळ २६.७ टक्के होते. म्हणजे चारांतल्या तिघांना फी नव्हतीच. आणि सर्व प्रकारच्या शाळा एकत्र धरल्या तर फीच्या खालोखाल सर्वांत मोठा खर्च पुस्तके व लेखनसाहित्याचा होता, विद्यार्थ्यामागे सरासरी २,००२ रुपये. फी नसलेल्या शाळेतही घराचे पैसे जातात, आणि ते मुख्यतः कुठे जात असतील हे यावरून ताडता येते.

यादी जरा बारकाईने वाचली की तिच्यात एकाहून अधिक हात दिसू लागतात. पहिला शिक्षकाचा. सहा विषय आणि प्रत्येकाला वर्गपाठाची व गृहपाठाची अशा दोन वह्या धरल्या, की बारा झाल्या. भूमितीची वेगळी, निबंधाची वेगळी, शुद्धलेखनाची, प्रयोगाची, घटक चाचणीची. बघता बघता दीड डझनावर गाडी जाते. दोन-दोन वह्या कशाला, असे पालक चिडून विचारतात. कारण साधे आहे. एक वही तपासायला शिक्षकाच्या टेबलावर असते तेव्हा मुलाला लिहायला दुसरी लागते. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. वर्गात त्याच्या दीडपट-दुप्पट मुले बसत असतील तर वह्या एका दिवसात तपासून परत करणे कोणाच्याच आवाक्यात नसते. म्हणजे शिक्षकांच्या तुटवड्याची किंमत काही अंशी दुसऱ्या वहीच्या रूपाने पालक भरतो. वर्ष संपते तेव्हा यातल्या कित्येक वह्यांची मागची पाने कोरीच असतात. ती काढून, दाभणाने शिवून 'रफ वही' करण्याची कला अजून अनेक घरांत जिवंत आहे.

दुसरा हात वर्गाचा. ए-फोर कागदाची रीम, फळ्याचे मार्कर, कार्डशीट, हात पुसायच्या कागदाचे रोल अशा वस्तू विशेषतः खासगी शाळांच्या यादीत दिसतात. त्या मुलाच्या नसतात, शाळेच्या असतात. फक्त त्यांचे बिल तीस-चाळीस घरांत वाटलेले असते. सरकारी शाळांना अशी सोयही नाही. समग्र शिक्षा योजनेत त्यांना वर्षाकाठी जे एकत्रित अनुदान मिळते ते तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला दहा हजार रुपये इतके आहे. त्यातच वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू, झाडू. उरलेले गुरुजी-बाई आपल्या खिशातून भागवतात, आणि याची नोंद कोणत्याच पाहणीत होत नाही.

तिसरा हात दुकानाचा, आणि इथे जरा थांबायला हवे.

शालेय खर्च वाढला म्हणजे वस्तू महागल्या, असे आपण सहज म्हणतो. कागद महागला हे खरेच आहे. २०२२ मध्ये वह्यांच्या किमती एकदम चढल्या त्या त्यामुळेच. पण महागाई पूर्वीही होती, आणि घरांकडे तिच्यावर एक हुकमी उपाय होता : वस्तू पुढे द्यायची. थोरल्याची पुस्तके धाकट्याला, ताईचा गणवेश मामेबहिणीला, वरच्या वर्गातल्या शेजाऱ्याचा संच निम्म्या किमतीत खालच्या वर्गातल्याला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये जुन्या पुस्तकांसाठी लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही व्यवस्था किती मोठी होती ते सांगायला नको. या व्यवस्थेला एक भक्कम पाया होता. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाले. त्याआधी आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'सारख्या खासगी वाचनमाला शाळांत चालत. बालभारतीने राज्यभर एक पुस्तक आणले. एकच पुस्तक असल्यामुळे कोल्हापुरातल्या मुलीचे भूगोलाचे पुस्तक नाशिकच्या मावसभावाला चालू लागले. अभ्यासक्रम बदलेपर्यंत त्या पुस्तकाला अनेक वाचक मिळत. बालभारतीने पुस्तक स्वस्त केले हे सगळे सांगतात. तिने ते पुढे देण्याजोगे केले, हे तितकेच मोठे काम होते.

आजची यादी नेमकी याच व्यवस्थेच्या मुळावर येते. खासगी प्रकाशकांची बरीच पुस्तके 'गाळलेल्या जागा पुस्तकातच भरा' या पद्धतीची असतात. मुलाने पेनाने उत्तर लिहिले की ते पुस्तक दुसऱ्याच्या उपयोगाचे राहत नाही. एनसीईआरटीचे पहिली ते आठवीचे पुस्तक ६५ रुपयांना मिळत असताना केंद्रीय मंडळाच्या अनेक शाळा खालच्या वर्गांना कित्येक पटींनी महाग खासगी पुस्तके लावतात. त्या किमतीत विक्रेत्याच्या आणि मधल्या साखळीच्या वाट्याला जागा असते, ६५ रुपयांत ती नसते. वह्यांवर शाळेचे नाव छापलेले, म्हणून बाजारातली त्याच मापाची वही चालत नाही. गणवेशाच्या चौकड्याचे कापड एकाच दुकानात, खिशावर विणलेले चिन्ह, शिवाय गटाच्या रंगाचा टी-शर्ट आणि शनिवारचे पांढरे बूट वेगळे. पूर्वी खाकी चड्डी आणि पांढरा सदरा कोणत्याही कापडवाल्याकडे मिळे, आणि गल्लीतला शिंपी तो वाढत्या अंगाचा शिवून देई. शिवणीत तो चांगली दोन बोटे माया सोडी. पुढच्या जूनमध्ये टीप उसवली की सदरा आणखी एक वर्ष चाले. तयार गणवेशात माया नसते.

शाळांनीच हे ठरवून केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळेचे नाव असलेल्या वहीमुळे वर्गात श्रीमंती-गरिबी दिसत नाही, असे मुख्याध्यापक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे; चमकदार कव्हरच्या वहीकडे टक लावून बसलेले मूल कोणी पाहिलेले नाही? पण समानता साध्या, कुठेही मिळणाऱ्या वहीनेही साधते. खिशावर चिन्ह विणण्याऐवजी शिवून लावायचा बिल्ला दिला तर गणवेशाचे कापड पुन्हा खुल्या बाजारात येते. यासाठी अभ्यासगट लागत नाही.

पुढे देण्याची साखळी केवळ बाजारच तोडतो असेही नाही. चांगल्या हेतूनेही ती तुटते. याचे उदाहरण आपल्याच राज्यात नुकतेच घडले. दप्तराच्या ओझ्याची चर्चा जुनी आहे. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत त्यावर भाषण केले होते, प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल दिला; महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नको, असा आदेश काढला. या मालिकेत २०२३-२४ पासून बालभारतीची पुस्तके चार भागांत आली आणि धड्यांना जोडून वहीची कोरी पाने घालण्यात आली. वेगळी वही न्यायला नको, ओझे कमी, गरिबाचा वहीचा खर्चही वाचेल, अशी कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती. पण पाने अपुरी पडली, मुलांनी वह्या नेणे सोडले नाही, शाळांनी यादीतली एकही वही कमी केली नाही. पुस्तक मात्र लिहून भरल्यामुळे पुढच्या मुलाला देता येईना. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने ही पाने काढून टाकण्याचा निर्णय घेतला. ओझे आणि खर्च दोन्ही कमी करायला निघालेल्या योजनेतून दोन्ही जागच्या जागी राहिले, याचे मुख्य कारण मला हेच दिसते की पुस्तक सरकारने बदलले, पण यादी ज्याच्या हातात होती त्याला कोणी विचारले नाही.

गणवेशाचेही तसेच झाले. समग्र शिक्षेत दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये धरलेले आहेत, म्हणजे कापड आणि शिलाई मिळून एका गणवेशाला तीनशे. ही रक्कम शाळा व्यवस्थापन समितीकडे जाई आणि समिती गावातल्या वा तालुक्याच्या शिंप्याकडून कपडे शिवून घेई. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापडाची खरेदी वरून झाली, शिलाई महिला बचत गटांकडे गेली. स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नाहीत, पोचले ते मापाला बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे देण्यात आले. मुलाचे माप गावातच घ्यावे लागते, हे शिकायला एक शैक्षणिक वर्ष गेले.

मग कायदा काय करतो? फीबाबत महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान आहे, वाढीचे नियम आहेत, वाद झाला तर दाद मागायला जागा आहे. यादीसाठी यातले काहीच नाही, कारण दुकानाचे बिल ही कायद्याच्या भाषेत फी नव्हे. अमुक दुकानातूनच खरेदीची सक्ती करू नये, अशी परिपत्रके शिक्षण विभाग काढत आला आहे. केंद्रीय मंडळानेही २०१७ मध्ये शाळांनी पुस्तके-गणवेशांचा व्यापार करू नये असे बजावले होते. पण सक्ती करायला 'सक्ती' हा शब्द वापरावा लागत नाही. ते कापड एकाच ठिकाणी मिळत असेल तर यादीवर दुकानाचे नाव नसले तरी पालक बरोबर तिथेच पोचतो. तक्रार करायला त्याचे पाय उचलत नाहीत, कारण त्याचे मूल रोज सात तास त्याच शाळेच्या स्वाधीन असते.

आणि यादी अपुरी राहिली तर तिचा हिशेब पालकाकडून होत नाही, मुलाकडून होतो. 'वही का आणली नाही?' हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीला सगळ्या वर्गासमोर विचारला जातो. खरे उत्तर तिला ठाऊक असते, पण ते चारचौघांत द्यायचे नसते हेही तिला ठाऊक असते. मग ती 'विसरले' म्हणते. दोन दिवस विसरल्यावर तिसऱ्या दिवशी बाकावर उभे राहावे लागते. २००९ च्या कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. वही नसल्याबद्दल उभे करणे हा छळ आहे असे किती शिक्षकांना वाटते? बहुतेकांना ती शिस्त वाटते. अनेक चांगल्या शिक्षिका टेबलाच्या खणात चार कोऱ्या वह्या ठेवतात आणि मधल्या सुट्टीत कोणाला न दिसतील अशा देतात. त्यांना हे कलम वाचावे लागलेले नाही.

खरी कसोटी नववीत लागते. कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणून मोफत पुस्तके आठवीपर्यंत, गणवेश आठवीपर्यंत, दुपारचे जेवणही आठवीपर्यंत. नववीच्या जूनमध्ये यादी लांबते आणि तीनही आधार एकाच वेळी निघून जातात. त्यात प्रयोगवही येते, जाड मार्गदर्शक येते, गावात हायस्कूल नसेल तर एसटीचा पास किंवा सायकल येते. माध्यमिक टप्प्यावर गळती वाढते याची कारणे अनेक आहेत, पण घरात पोरगी नववीला आणि पोरगा सहावीला असेल तर त्या जूनमध्ये कोणाच्या यादीवर आधी रेघ मारली जाते, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

२०२५ मध्ये एक दिलासा मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, रंगखडू, नकाशे यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. वह्या-पेन्सिलींवर तो बारा टक्के होता. कंपासपेटीवर आता पाच टक्के आहे. निर्णय स्वागतार्ह, पण त्यातली एक मेख समजून घ्यायला हवी. विक्रीवर कर शून्य असला की उत्पादकाने शाई, गोंद, तार अशा कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही, आणि तो भार किमतीतच राहतो. म्हणून वही बारा टक्क्यांनी स्वस्त होईल अशी आशा धरू नये. शिवाय सप्टेंबरपर्यंत यादीची खरेदी आटोपलेली होती. फरक किती पडला ते त्यानंतरच्या जूनमध्येच दिसणार होते.

तोवर शाळेला न विचारता होणाऱ्या गोष्टी पालकांनी सुरू केल्याच आहेत. एकाच वर्गातल्या दहा-बारा आया मिळून घाऊक बाजारातून, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटसारख्या ठिकाणाहून, डझनाच्या भावाने वह्या आणतात. सोसायटीच्या सूचनाफलकावर 'पाचवीचा संच देणे आहे' अशी चिठ्ठी लागते. काही शाळांत पुस्तकपेढी अजून नेटाने चालते. वर्षाअखेरीस पुस्तक परत करायचे, पान फाटले असेल तर चिकटवून. शाळेकडून मागण्यासारखे तसे थोडेच आहे : यादी निकालाबरोबर एप्रिलमध्ये द्यावी, म्हणजे खरेदीला दोन पगार मिळतील, तीत किमतीचा चौथा रकाना घालून बेरीज मारावी, आणि ती बेरीज पालक-शिक्षक संघापुढे फीइतक्याच रीतसर ठेवावी. चौथा रकाना भरताना यादी करणाऱ्याचा हात आपोआप आखडेल, असा माझा अंदाज आहे.

पूर्वी पुष्कळ घरांत दिवाळीला मुलांना शाळेचाच गणवेश शिवत. नवे कपडेही झाले आणि दुसऱ्या सत्राचीही सोय झाली. फराळाच्या ताटाभोवती पांढरा सदरा घालून बसलेली मुले त्या काळच्या छायाचित्रांत अजून दिसतात. आता सुट्टी संपून दुसरे सत्र उघडते तेव्हा आणखी एक छोटी यादी येते. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी पहिल्या सत्राच्या वह्या दप्तरातून बाहेर निघतील, एकेक उलटून मागची कोरी पाने मोजली जातील आणि कोणत्या वहीत इतिहासाच्या पाठोपाठ नागरिकशास्त्र बसेल याचा विचार होईल. खाकी कव्हर उलटे करून घातले की आतली बाजू नवीच दिसते.